उणे बारा

गणपतीच्या मूर्तीला आरपार भोकं किती असतात, हा प्रश्न मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पडला. जन्म पेणचा, घर पेणमध्ये, शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मूर्तींचे कारखाने, आणि तरीही त्याआधी कधी पडला नव्हता.

मी रोह्याला कॉलेजात गणित शिकवते. सकाळची एसटी, वडखळ, नागोठणे, रोहा. दुपारी तेच उलट. एम.एस्सी.ला माझा आवडता विषय टोपॉलॉजी होता. वस्तू ताणा, दाबा, वाकवा, फक्त फाडू नका आणि चिकटवू नका. एवढं करूनही तिच्यात जे बदलत नाही, त्याचं गणित म्हणजे टोपॉलॉजी. वस्तू एकसंध आहे की तिचे तुकडे आहेत, तिला आरपार भोकं किती, असे त्यातले प्रश्न. लांबी-रुंदी त्यात मोजतच नाहीत. पास झाले, नोकरी लागली, आणि पुढची पंचवीस वर्षं मी मुलांना इंटिग्रेशन शिकवत राहिले. टोपॉलॉजीची वही माळ्यावर गेली. त्याचं मला दुःख वगैरे नव्हतं. शिकलेलं सगळं वापरायला मिळतं असं थोडंच आहे.

मग एका डिसेंबरात माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. वर्गात ही शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर यंत्रं काढायची. पुढे डोलवीला एका कंत्राटदाराकडे पाइपलाइनींचे फोटो काढून त्यांवरून मापं काढायचं काम करत होती. ते सोडून तिने पेणमध्ये गाळा घेतला होता आणि तेच तंत्र मूर्तींवर लावायचं ठरवलं होतं. वस्तूचे चहूबाजूंनी दीडदोनशे फोटो काढायचे. एकच ठिपका कुठल्या फोटोत कुठे दिसतो हे कॉम्प्युटर जुळवतो आणि त्यावरून तो ठिपका प्रत्यक्षात कुठे असणार हे काढतो. असे लाखो ठिपके जमले की त्यांच्यावर बारीक त्रिकोणांची कातडी चढवायची. झाली वस्तू कॉम्प्युटरमध्ये उभी.

ती म्हणाली, "मॅडम, एक काम आलंय. ते बरोबर झालंय की नाही तेच मला कळत नाहीये."

मी सांगितलं की मला कॉम्प्युटरमधलं फार समजत नाही. ती म्हणाली, कॉम्प्युटरचं मी बघते, तुम्ही फक्त बरोबर म्हणजे काय ते सांगा. हा प्रश्न मला आवडला. शनिवारी अर्धा दिवस होता. रोह्याहून उतरले ती थेट तिच्याबरोबर कारखान्यात गेले.

कारखाना जुना, मूर्तिकार त्याहून जुने. सगळं गाव त्यांना काका म्हणतं. सत्तरीला आलेले, डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, आणि वर्षभरापासून उजवा हात थरथरायला लागलेला. नवीन मूर्तीचं मूळ मॉडेल शाडूच्या मातीत तेच घडवत. त्या वर्षीचं मॉडेल तीन फुटांचं होतं, आणि त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं की एवढं बारीक काम यापुढे आपल्याच्याने होणार नाही. हे करून मगच डोळ्याचं ऑपरेशन, असंही घरच्यांना बजावून ठेवलं होतं.

अडचण अशी होती. मॉडेल कच्च्या मातीचं असतं. त्यावरून साचा घेतला की साचा सोडवताना मॉडेल मोडतं. दरवर्षी मोडतं, त्यात कोणाला काही वाटत नाही. मोडलेली माती पिंपात भिजत टाकायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा वापरायची. साच्यातून मूर्ती निघतात त्यांत मात्र हाताच्या आणि अंगाच्या मधल्या मोकळ्या जागा बुजलेल्या असतात, कारण त्या बुजवल्याशिवाय साचा सुटतच नाही. नंतर फिनिशिंगवाले त्या कोरून उघडतात, प्रत्येक जण आपल्या हाताने, आपल्या घाईत. म्हणजे मोकळ्या जागांची मूळ वळणं फक्त त्या मातीच्या मॉडेलमध्ये असतात आणि तीही काही दिवसच. काकांना हीच मूर्ती नऊ इंचांपासून दोन फुटांपर्यंत सगळ्या आकारांत करायची होती. पूर्वी ते प्रत्येक आकाराचं मॉडेल नव्याने घडवायचे. आता हात साथ देत नव्हता. फोटोंवरून केलेली नक्कल बरोबर निघाली तर ते काम मशीन करणार. चुकीची निघाली आणि मधल्या काळात मॉडेल मोडलं, तर काकांच्या हातचं वळण संपलं. साचा मंगळवारी घ्यायचा होता. त्यापुढे थांबलं तर माती वाळून तडकली असती.

विद्यार्थिनीने शुक्रवारी फोटो काढून नक्कल तयार केली होती. तिने मापंही तपासली होती. कॅलिपरने मूर्तीवर चाळीस ठिकाणी मापं घेतली, तीच कॉम्प्युटरमध्ये घेतली, फरक कुठेही मिलिमीटरच्या वर नाही.

"मग झालं की," काका म्हणाले.

मी म्हटलं, सुईचं नेढं बुजलं तर सुईची लांबी बदलत नाही, जाडी बदलत नाही, टोकही तसंच राहतं. कॅलिपर सांगेल की सुई उत्तम आहे. फक्त दोरा ओवता येणार नाही. मूर्तीचंही तेच. सोंड आणि छातीच्या मधली फट कॉम्प्युटरने भरून टाकली तर मिलिमीटरच्या हिशेबात ती चूक कुठल्या कुठे हरवेल, पण मूर्ती मठ्ठ दिसेल. तेव्हा आधी आरपार जागा मोजू या. किती आहेत?

आजपर्यंत त्यांना हे कोणी विचारलं नसावं. मूर्तीवर ओली फडकी गुंडाळलेली होती, आणि वारा सुटलेला असल्यामुळे ती काढायला काका तयार नव्हते. मग त्यांनी काय करावं? समोरच्या पाटावर मांडी घातली आणि स्वतःच गणपती झाले. उजवं कोपर गुडघ्यावर, हात आशीर्वादाचा. "ही एक." डावं मनगट डाव्या गुडघ्यावर, तळव्यात मोदक. "दोन." सोंडेचं टोक मोदकाला लागलेलं, मध्ये छातीपर्यंत मोकळं, तीन. मागच्या उजव्या हातातला अंकुश खांद्याला टेकलेला, चार. मागच्या डाव्या हातातल्या पाशाचं कडं, पाच. आणि पाठीमागची महिरप दोन्ही खांद्यांना आणि मुकुटाला चिकटलेली, म्हणून डोक्याच्या दोन बाजूंना दोन. एकूण सात.

"आणि नाकपुड्या गो?" कोपऱ्यातून आवाज आला. "त्या नाय मोजल्या. कानाची भोकंपण हायत."

ही मावशी. धरमतरकडच्या खाडीकाठच्या गावातून तीस वर्षं या कारखान्यात येते. साचे हिच्या हाताखालून जातात. साच्याआधी मॉडेलच्या फटी बुजवायचं काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही, काकांनासुद्धा नाही.

मी तिला सांगितलं की नाकपुडीत दोरा घातला तर दुसरीकडून बाहेर येत नाही. तो खळगा झाला, भोक नाही. दोरा एकीकडून घालून दुसरीकडून काढता आला आणि त्याची दोन टोकं बांधून वेढा घालता आला तरच मोजायचं. मावशीने यावर थोडा विचार केला आणि म्हणाली की मग तिच्या सुनेच्या डोक्यातही खळगाच आहे, काही सांगितलं तर आत जातं, पण काम काही बाहेर येत नाही. काका हसले, पण गणपतीची बैठक मोडली नाही.

मावशीच्या मागे भिंतीवर एका खिळ्याला सुतळी लोंबत होती, मधोमध एक गाठ मारलेली. मी ती पाहिली आणि विसरले. असल्या सुतळ्या कारखान्यात पन्नास असतात.

घरी येऊन मी माळ्यावरची वही काढली. पंचवीस वर्षांत मी कुठल्या वहीसाठी शिडी चढले नव्हते. मला हवं होतं ते पहिल्याच काही पानांत होतं. त्रिकोणांनी बनलेली कुठलीही बंद कातडी घ्या. कोपरे मोजा, त्यातून कडा वजा करा, त्यात त्रिकोण मिळवा. एकही आरपार भोक नसेल तर उत्तर दोन येतं. त्रिकोणांऐवजी चौकोन असले तरी चालतं, खोक्यावर करून बघा: आठ कोपरे, बारा कडा, सहा बाजू, दोन. प्रत्येक भोकामागे उत्तर दोनाने कमी होतं. बांगडी असेल तर शून्य. काकांच्या गणपतीचं उत्तर यायला हवं होतं उणे बारा. मूर्ती लहान केली, मोठी केली, वाकडी काढली तरी उणे बाराच. मला हे सगळं माहीत होतं, शिकवण्याइतकं माहीत होतं, पण त्या आकड्याची वाट बघत बसायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

विद्यार्थिनीने आकडे मोजून फोनवर सांगितले. उत्तर आलं उणे सेहेचाळीस. म्हणजे चोवीस भोकं.

ती रडवेली झाली. मी नाही झाले, मला उलट चेव आला. ज्या कातडीत लाखो त्रिकोण आहेत तिच्यात कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडणारच. जिथे फोटो जरा धूसर, तिथे ठिपके विरळ. प्रश्न असा होता की खरी भोकं कुठली आणि खोटी कुठली, हे नजरेने न बघता कसं ठरवायचं.

रविवारी सकाळी मी घावन घालत होते. तव्यावर पीठ हाताने शिंपडलं की आधी नुसते सुटे ठिपके पडतात. मग ते पसरतात, एकमेकांना मिळतात, मध्ये जाळी राहते. बारीक जाळी लगेच मिटते. जिथे पीठ खरोखरच पडलेलं नसतं ती मोठी फट मात्र शेवटपर्यंत राहते, अगदी उलथन्याने काढेपर्यंत. मी तव्याकडे बघत राहिले आणि तो घावन करपला. उत्तर समोर होतं. आणि ते मी शोधलेलं नव्हतं. माझ्या वहीनंतरच्या वर्षांत लोकांनी या कल्पनेचं मोठं शास्त्र करून ठेवलंय, ते मी नंतर वाचलं. पण त्या सकाळी ती माझ्या तव्यावर होती.

प्रत्येक ठिपका थोडा थोडा फुगवायचा. अर्धा मिलिमीटर, एक, दीड, दोन. प्रत्येक पायरीला भोकं मोजायची. फुगवल्याबरोबर मिटतात ती खोटी. बराच वेळ टिकतात ती खरी.

मी गॅस बंद केला आणि तिच्या गाळ्यावर गेले. तिने ते तासाभरात कॉम्प्युटरला समजावलं. पहिल्या पायरीला चोवीस, मग अकरा, मग आठ, मग सहा. आणि मग सहा, सहा, सहा. बराच वेळ सहाच.

मी काकांच्या आकड्याची वाट पाहत होते, आणि आकडा एकाने कमी आला होता. कॉम्प्युटरने सहा भोकं कुठली ते रंगवून दाखवलं. डाव्या हाताच्या आणि पोटाच्या मधली जागा त्यात नव्हती. ती सगळ्यात आतली, सोंडेच्या सावलीतली जागा. विद्यार्थिनीचं म्हणणं पडलं की अंधारामुळे सॉफ्टवेअरने ती भरून टाकली. पटण्यासारखं होतं. दुपारी तिने कारखान्यात जाऊन दोन दिवे जास्तीचे लावले, त्या बाजूचे पन्नास फोटो वाढवले, आणि काकांनी आता पुरे म्हणताच पुन्हा ओली फडकी गुंडाळून टाकली.

सोमवारी मला रोह्याला जाणं भाग होतं. पहिला तास संपवून मी स्टाफरूममध्ये फोन बघितला. तिचा मेसेज होता: सुरुवातीला या वेळी एकोणीस, पण शेवटी पुन्हा सहा. मशीन ती जागा उघडतच नाही. काकांना काय सांगू?

दुसऱ्या तासाला मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. नागोठण्याला गाडी थांबली, वडेवाला चढला, उतरला, आणि माझ्या डोक्यात चक्र उलटं फिरलं. फोटो बदलले. दिवे बदलले. सुरुवातीची भोकं चोवीसची एकोणीस झाली, म्हणजे मशीनच्या चुका बदलल्या. चुका बदलायलाच हव्यात, त्या फोटोंवर अवलंबून असतात. पण सहा बदलले नाहीत, आणि बंद जागाही तीच राहिली. जी गोष्ट फोटो बदलूनही बदलत नाही, ती फोटोंतली नसते. ती वस्तूतली असते.

आम्ही शनिवारपासून मूर्तीकडे बघत नव्हतो. काकांनी सांगितलेल्या मूर्तीकडे बघत होतो.

वडखळ येईपर्यंत मी सीटवर नीट बसलेच नाही. शेजारची बाई म्हणाली, "पोट दुखतंय का?" मी म्हटलं, नाही, गणित आहे. ती सरकून बसली.

पेणला उतरून गाळ्यावर गेले आणि विद्यार्थिनीला ती बंद जागा पडद्यावर मोठी करायला सांगितली. सॉफ्टवेअर जेव्हा फट भरतं तेव्हा ती ताणलेल्या रबरासारखी भरतं, मधे जाड किंवा मधे खोल, पण गुळगुळीत. ही जागा तशी नव्हती. ती कडेपासून बोटभर आत सपाट होती, आणि तिच्या मधोमध एक उथळ लांबट खळगा होता. तिने मूर्ती पडद्यावर मूळ मापाला आणून फिरवली आणि प्रकाश बाजूने पाडला. मी माझा अंगठा पडद्याला लावला. बसला.

"मॅडम, हा अंगठा आहे," ती हळूच म्हणाली.

सॉफ्टवेअरला अंगठा नसतो.

आम्ही तिच्या स्कूटरवरून कारखान्यात पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. मावशी उद्याच्या साच्यासाठी प्लॅस्टरची गोणी फोडत होती. मी विचारलं, डाव्या हाताखालची जागा बुजवलीय का?

"व्हय," मावशी म्हणाली. "गुरवारीच बुजवली. गाठ मारलीय नाय का?" आणि तिने खिळ्यावरच्या सुतळीकडे बोट केलं.

तेव्हा मला तिच्या कामाची रीत कळली. सगळ्यात आतली फट ती साच्याच्या पाच दिवस आधी बुजवते, कारण तिथली माती उशिरा वाळते, आणि आयत्या वेळी भरली तर साच्यात ओली राहते. बाकीच्या फटी शेवटच्या दिवशी. एक फट बुजवली की सुतळीला एक गाठ. साच्यातून मूर्ती निघाली की तेवढ्याच गाठींची सुतळी तिला बांधायची, आणि फिनिशिंगवाल्याने एक फट उघडली की एक गाठ सोडायची. सुतळी सरळ झाली की मूर्ती पुरी. लिहिणं-वाचणं न येणाऱ्या बाईने तीस वर्षं एकाही मूर्तीची एकही फट उघडायची राहू दिलेली नव्हती. मी माळ्यावरून उतरवलेली मोजणी तिच्या खिळ्यावर लोंबत होती.

विद्यार्थिनी चिडली. फोटो काढायच्या आधी सांगायचं नाही का, असं तिने जरा वरच्या आवाजात विचारलं.

"मला कोणी विचारलं गो?" मावशी म्हणाली. "फोटू काढनार म्हनलात. फोटूला भोक कशाला लागतंय? तुज्या लग्नाच्या फोटूत तू पाठ दाखवलीस काय?"

खरं म्हणजे तिला विचारायला हवं होतं ते मी. शनिवारी मी दोऱ्याचं प्रवचन तिलाच दिलं होतं, आणि सुतळी तिच्या डोक्यामागे होती.

काकांनी फडकी सोडली, उजव्या डोळ्याने वाकून पाहिलं, बोट आत घातलं. बोट अडलं. एवढे दिवस मूर्ती त्यांच्यासमोर होती आणि त्यांच्या डोळ्याने ती जागा उघडीच पाहिली होती, कारण ती त्यांनीच उघडी केली होती.

विद्यार्थिनी म्हणाली की काळजीचं कारण नाही, ही एक जागा ती कॉम्प्युटरमध्ये कोरून काढेल. काकांनी नाही म्हणून मान हलवली. "ती आतली बाजू मी करंगळीने केलीय. हात उचलताना जसा सैल असतो तशी. तू कशाने करणार?"

मग राहिला एकच मार्ग, बुजवलेली माती काढायची. पण डावा हात मनगटाशी बारीक, माती अर्धी वाळलेली. कोरायला गेलं आणि हात निखळला तर नक्कलही नाही आणि साचाही नाही. काकांनी कोरणी उचलली. तिचं टोक मनगटाशी एका जागी ठरेना. त्यांनी ती परत ठेवली.

"सरा," मावशी म्हणाली. "मी घातलीय, मीच काढते. आधी शंखजिरं लावलंय मी कडंनी. येडी हाय काय?"

शंखजिऱ्याची पूड लावली की नवी माती जुन्या मातीला धरत नाही. तिने पिशवीतून जाळं विणायची तंगूस काढली, खाडीवर वापरतात ती नायलॉनची तार. दाभणाने कडेला भोक पाडलं, तार ओवली, दोन्ही टोकं दोन बोटांना गुंडाळली आणि कडेकडेने ओढायला लागली, साबणाची वडी कापावी तशी. काकांनी खालून हाताचा तळवा धरला होता. अर्ध्या तासाने बुजवलेल्या मातीचा पुढचा तुकडा निघाला, मग मागचा. मागच्याबरोबर मनगटाशी केसाएवढी चीर पडली. काका तिच्यावर ओला ब्रश फिरवत राहिले. हात टिकला.

मावशीने सुतळीची गाठ दाताने सोडली.

ऊन खाली जायच्या आत विद्यार्थिनीने पुन्हा चहूबाजूंनी फोटो काढले, एका फेरीत दोनशेच्या वर. या वेळी तिने कॅमेरा स्टँडवर लावला. जुळवाजुळव मशीनने रात्रभर केली, आम्ही झोपलो. निदान मी झोपले.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी गाळ्यात होते. सुरुवातीला एकवीस, मग दहा, मग सात. मग सात, सात, सात. मी लगेच हो म्हटलं नाही. सहा खरी आणि एक हट्टी खोटी मिळूनही सात होतात. तेव्हा प्रत्येक भोक रंगवून बघितलं: कोपर, मनगट, सोंड, अंकुश, पाश, महिरपीच्या दोन बाजू. सगळी जिथल्या तिथे. मग खोटी छिद्रं बंद करून तिने पूर्ण कातडीचे कोपरे, कडा, त्रिकोण मोजले आणि मी हाताने वजाबाकी केली, उगाच, कॉम्प्युटरने केलेली असूनही. उणे बारा.

कॉलेजात इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की उत्तर आल्यावर उड्या मारायच्या नसतात, पडताळा घ्यायचा असतो. पडताळा घेऊन झाला होता. मी गाळ्यात उडी मारली. विद्यार्थिनीने पाहिलं, आणि ती आता कोणाला सांगायची राहणार नाही.

कारखान्यात मावशी मातीचे सात गोळे करून बसली होती, एकाशेजारी एक. काका दारात उभे होते. मावशीने विचारलं.

"मॅडम, बुजवू?"

"बुजवा."

तिने पहिला गोळा उचलला, शंखजिरं लावलं, डाव्या हाताखालची जागा पुन्हा अंगठ्याने दाबून भरली, आणि सुतळीला गाठ मारली. आठची एसटी मी चुकवली. सातवी गाठ बघूनच निघाले.

साचा चार दिवसांनी सोडवला. मॉडेल मोडलं. आधी महिरप गेली, मग डोकं, मग डावा हात मनगटातून, जिथे चीर होती तिथेच. काकांनी तुकडे स्वतः गोळा केले आणि पिंपात टाकले. पाणी घातलं, झाकण लावलं, आणि चहा सांगितला. मला वाटलं होतं तितकं ते कोणालाच जड गेलं नाही.

महिन्याभराने विद्यार्थिनीने दीड फुटाची पहिली नक्कल आणली, मशीनवर केलेली, पांढरी, बिनरंगाची. काकांनी ती मांडीवर घेतली, उजेडाकडे पाठ केली, आणि डोळे मिटून करंगळी डाव्या हाताखालच्या फटीत घातली. मूर्ती निम्म्या आकाराची, करंगळी जेमतेम पेरभर गेली. ते बराच वेळ बोट आत फिरवत होते. मावशी सुतळी हातात घेऊन उभी होती, आणि बहुधा मनातल्या मनात मोजत होती.

"वळण तेच आहे," काका म्हणाले. मग भुवई वर गेली. "मनगटाजवळची चीरपण घेतलीस की गो."

विद्यार्थिनी म्हणाली, काढून टाकते.

"काढ. बाकी हात लावू नको." त्यांनी मूर्ती तिच्या हातात दिली, आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडे फोन लावायला सांगितलं.